तिसऱ्या घरचं ताट

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी नंदनवन वस्तीत आमच्या आईला जेवढी मागणी असे तेवढी कुणालाच नसे. कारण साधं होतं, आमच्या घरी महालक्ष्म्या नव्हत्या. सत्तर सालच्या आसपास वस्ती नवी होती, घरं मोजकी, आणि जी ती बाई आपल्याच चुलीपुढे घामाघूम. मग जेवायला सवाष्ण आणायची कुठून? आई मोकळी सापडायची. त्या वर्षी तिला तीन घरचं आमंत्रण होतं, एक दुपारचं, एक उन्हं कलल्यावरचं आणि एक दिवेलागणीचं. सोबत मी, वय वर्षं दहा, अट्टल खादाड.

बाबा महाल भागातल्या एका सुताच्या दुकानात कामाला होते. खापा गावच्या विणकरांना सूत पोचवायला गेले होते, ते आदल्या संध्याकाळी यायचे ते आलेच नव्हते. कन्हान नदीला पूर आहे, गाड्या बंद आहेत, हे सकाळी दूधवाल्यानं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, दूध तापवलं आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं.

"पाणी उतरलं का येतील," ती म्हणाली. मी लगेच विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला पुरणपोळी दिसत होती.

पहिलं घर शाळामास्तरांचं. दारातच मास्तरीणबाईंनी आईचे पाय धुतले, पाटावर बसवलं. ज्वारीची आंबील, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, कढी, वडे, आणि पोळीवर तुपाची धार. आई एरवी इतकं कमी खायची की बायका तिची थट्टा करत. "चिमणीले वाढलं का गं?" मास्तरीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं आणि सगळ्या हसल्या. पण त्या दिवशी चिमणीनं ताटात भाताचं शीतसुद्धा ठेवलं नाही. मी बघतच राहिले.

रस्त्यात मी म्हटलं, "आई, तुले भूक लागली होती का वं एवढी?"

"नाही. आज कुठंच ताटात काही टाकायचं नाही मले."

"काहून?"

"तुह्या बाबासाठी," ती म्हणाली आणि भरभर चालू लागली.

मग मला उमगलं. सवाष्ण जेवते ती नवऱ्याच्या आयुष्यासाठी. आईनं मनाशी ठरवून टाकलं होतं की तिन्ही घरी पोटभर जेवून उठलं, तर बाबा येतील. हे वेड आहे असं मला मुळीच वाटलं नाही. उलट, मीही माझ्या वाटचं सगळं संपवायचं ठरवलं.

दुसरं घर कंपाउंडरचं. आम्ही शिरलो तशी आतली कुजबुज बंद पडली. पाय धुतले, पाट मांडला, सगळं रीतसर झालं. पण चिमणीवरून कुणी थट्टा केली नाही. वाढणारी बाई आईच्या तोंडाकडे न बघता वाढत होती, आणि आई घास गिळून, पाण्याचा घोट घेऊन पुन्हा घास उचलत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कढी तिखट नव्हती, मी ती दोनदा प्यायले होते.

हात धुवायला ती मागच्या न्हाणीत गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तोंडावर पदर घट्ट दाबलेला.

"उलटी येते का?"

तिनं मान हलवली. "येऊ द्याची नाही. एक घर राहिलं."

तेव्हा मात्र मी भ्याले.

तिसरं घर रिटायर ओव्हरसियरचं. वस्तीतला एकुलता एक फोन त्यांच्याकडे, आणि सुताच्या दुकानाला तो नंबर ठाऊक होता. काकू मोठ्या बोलक्या, दारातूनच हाक मारणाऱ्या. त्या दिवशी त्या व्हरांड्यात आमची वाटच बघत होत्या, पण पाय धुवायला पाणी घेऊन कुणी आलं नाही.

"बस वं इथंच," त्या म्हणाल्या. "चहा आणते."

सवाष्ण म्हणून बोलावलेल्या बाईला चहा! दारातून मला आतलं ताट दिसत होतं, रांगोळीसकट, आणि पाटावर भलतीच कुणी बाई. काकूंची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली होती. काकूंची भीती आज मला कळते. तेव्हा त्यांना ओरबाडावंसं वाटलं, आणि त्या चहासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

आईनं कपाला हात लावला नाही. "काकू, फोन आला होता का?"

"आला होता. नदीवरच्या रपट्यावरून ट्रक वाहून गेला म्हणते. तुहा नवरा त्याच ट्रकनं येणार होता. पण चढला का नाही, हे कोणालेच मालूम नाही वं."

"मंग अजून मी सवाष्णच आहो नं?"

काकूंनी तो कप उचलला. आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या आणि खाली बसून स्वतः आईचे पाय धुतले.

दुसरा पाट मांडला गेला. आईचं जेवण अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात फोन वाजला. काकू बाहेरच्या खोलीत गेल्या. "हो... हो... कुठं?" एवढंच ऐकू आलं. रिसीव्हर ठेवला गेला. आईचा हात ताटातच थांबला.

काकू परत आल्या त्या पोळ्यांची परात घेऊन.

"वाढू का वं आणखी?" त्यांचा आवाज फाटला होता.

आईनं वर पाहिलं. काकूंच्या चेहऱ्यावरून मला कळलं, म्हणजे तिलाही कळलंच असणार.

"वाढा," आई म्हणाली.

काकूंनी पोळी वाढली, तूप घातलं आणि समोरच बसून राहिल्या. आईनं ती पोळी घासाघासानं पूर्ण खाल्ली. कुणी घाई केली नाही. तिनं हात धुतल्यावर काकूंनी तिची ओटी भरली आणि कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. मग दोन्ही हातांनी तिला घट्ट धरलं आणि बाबांचं प्रेत कुठं सापडलं ते सांगितलं.