चौथीचा पट : एक

"चला, चार-चारचे गट करा," असं म्हणून मी फळ्याकडे वळलो आणि 'आपला परिसर' हे शीर्षक लिहायला लागलो. सव्वीस वर्षांची सवय. गट करा म्हटलं की मागे बाकं सरकतात, कोणीतरी कोणालातरी नको म्हणतं, एक जण रडवेला होतो. तेवढ्यात माझं शीर्षक लिहून होतं. त्या दिवशी मागे काहीच आवाज झाला नाही. वळून पाहिलं तर तन्वी पहिल्या बाकावरून मान वळवून मागे बघत होती. मागे भिंत होती.

"सर, मी एकटीच हाय," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. सरांना माहीत नसेल तर असावं, म्हणून.

गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या चौथीचा पट एक होता. पट म्हणजे हजेरीपुस्तकातल्या मुलांची संख्या. खारदांड्याजवळची आमची जुनी, अनुदानित मराठी शाळा. एके काळी चौथीच्याच दोन तुकड्या होत्या. तन्वी तिसरीत असताना वर्गात चौघं होती. दोन जुळे भाऊ इंग्रजी शाळेत गेले. एकाच्या वडिलांची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि ते विरारला गेले. उरली तन्वी. दांड्यावरची कोळ्याची पोर, आई मासळी विकणारी.

तुम्ही म्हणाल, तिला तिसरीच्या सात मुलांबरोबर बसवायचं होतं. बसवता आलं असतं. पण दोन वर्ग एकत्र बसवले की दोघांना एकच शिक्षक पुरतो, आणि दुसरा 'अतिरिक्त' ठरतो. अतिरिक्त म्हणजे नोकरी जात नाही, माणूस जातो. जिथे जागा असेल तिथे पाठवतात. सप्टेंबरअखेरच्या पटावर हे ठरतं. तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, चौथी वेगळीच ठेवली. वर्ग वेगळा, खोली वेगळी, फळा वेगळा. मी मान डोलावली. बोरिवलीहून सव्वीस वर्षं त्याच शाळेत येत होतो. कपाटाची कुठली फळी हलते ते मला पाठ होतं.

हल्लीची पाठ्यपुस्तकं फार मनमिळाऊ आहेत. दर दोन पानांनी 'मित्रांशी चर्चा करा', 'जोडीदाराला प्रश्न विचारा' असं असतं. सुरुवातीला मी तन्वीचा जोडीदार झालो. शेजारच्या छोट्या बाकावर बसलो, तर गुडघा अडकला. तिनं बाक ओढून धरला तेव्हा मी सुटलो. "सर, तुमी खुर्चीवर बसूनच जोडीदार व्हा," ती म्हणाली.

चाचणीत तिचा पहिला नंबर आला. शेवटचाही तिचाच. परिपाठाला, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेला, चौथीची रांग म्हणून ती एकटी उभी राहायची, आणि रांग सरळ करा म्हटलं की हात पुढे करून अंतर घ्यायची.

जुलैपासून ती सारखी पाणी प्यायला जायला लागली. दिवसातून पाच वेळा, सहा वेळा. मी गंभीरपणे तिला सांगितलं, "घरी सांग, एकदा डॉक्टरांना दाखवा म्हणावं. इतकी तहान बरी नाही." ती हो म्हणाली आणि पुन्हा पाणी प्यायला गेली. या वेळी मी मागोमाग गेलो. नळ तिसरीच्या वर्गासमोर आहे. आत दोन पोरं एका रबरावरून भांडत होती, आणि ही नळ चालू ठेवून ते भांडण बघत होती. मी तसाच उलटा फिरलो. त्यानंतर कितीही वेळा विचारलं तरी जा म्हणायचो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचा वाढदिवस आला. आमच्या शाळांत एक रीत आहे. वाढदिवसाचं मूल गणवेशाऐवजी रंगीत कपडे घालतं, आधी आपल्या वर्गात चॉकलेटं वाटतं आणि मग एका मैत्रिणीला सोबत घेऊन बाकीच्या वर्गांत आणि ऑफिसात जातं. ती सोबतीण कोण, याला फार महत्त्व असतं. त्यावरून महिना महिना अबोला धरलेला मी पाहिला आहे.

तन्वी जांभळा फ्रॉक घालून आली. हातात प्लॅस्टिकचा डबा. डबा तिनं माझ्यापुढे धरला, मी एक चॉकलेट घेतलं. वर्गातलं वाटप झालं.

मग ती थांबली. "सर, सोबत कोन येनार?"

मी इकडेतिकडे बघितलं, जणू कोणी सापडणार होतं. "मी येतो," म्हणालो.

"मग डबा तुमी धरा. सोबतवाली धरते."

तर मी बावन्न वर्षांचा, चष्मा लावलेला माणूस, डबा घेऊन तिच्या मागे निघालो. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरीत पोरांनी गाणं म्हटलं, आणि पुढच्या बाकावरच्या एकानं मला विचारलं, "सर, तुम्ही हिचे फ्रेंड आहात का?"

वर्ग हसला. मीही हसलो. तन्वी हसली नाही. ती त्या मुलाला म्हणाली, "दुसरं कोन नव्हतं."

ऑफिसात पोचेपर्यंत मी डबा धरून होतो. तिला वर्गात पाठवलं आणि मोठ्या बाईंसमोर बसलो.

"बाई, हिला पार्ल्याच्या शाळेत पाठवू या. तिथे चौथीला अठ्ठावीस मुलं आहेत. माझ्या ओळखीच्या कदम बाई आहेत तिथे."

बाईंनी चॉकलेटचा कागद घडी घालून टेबलावर ठेवला. "पाठवा ना. एक ऑक्टोबरला पाठवा."

"एक ऑक्टोबरला?"

"सर, तीस सप्टेंबरला पटावर एक तरी मूल दिसू दे. तुमचं पद वर्षभर टिकतं. मग दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिचा दाखला लिहिते. तीन आठवडे आहेत फक्त. पोरगी काही मरत नाही तीन आठवड्यांत."

बाई वाईट नाहीत. उलट माझ्यासाठीच बोलत होत्या. हिशोब बिनचूक होता आणि मला पटलाही. पटला नसता तर बरं झालं असतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी दांड्यावर गेलो. जाताना मनात वाक्यं जुळवत होतो. आत्ता काही घाई नाही, ऑक्टोबरमध्ये बघू, सहामाही तोंडावर आहे. तन्वीची आई दारात कोळंबी सोलत बसली होती. मला बघून तिनं हात धुतले आणि खुर्ची बाहेर काढली.

"काय सर? पोरीनं काय केलं?"

"काही नाही हो. चांगली आहे. पण वर्गात एकटी पडते. पार्ल्याला चौथीत भरपूर मुलं आहेत, तिथे घाला म्हणायला आलोय."

तिनं कोळंबीची पाटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "सर, माझी जाऊ जूनपासून तेच सांगते. तिची दोन पोरं तिकडंच जातात, व्हॅन दारात येते. मीच नको बोलले."

"का हो?"

"का म्हंजे? मे महिन्यात तुमी आलेलात ना."

आलो होतो. मे महिन्यात आम्ही शिक्षक मुलं मागायला घरोघर फिरतो. त्याला कागदावर गृहभेट म्हणतात. त्याच वर्षीच्या मेमध्ये मी याच दारात उभा होतो, घामाघूम. शाळेचे फायदे सांगून झाल्यावर निघताना बोलून गेलो होतो, "एक मूल गेलं तर वर्ग बंद पडेल हो आमचा." अशी वाक्यं आम्ही प्रत्येक दारात बोलतो. लोक पाणी देतात आणि विसरतात.

"मी घरात सांगितलं," ती म्हणाली, "सर एवढ्या उन्हाचे दारात आले, त्यांच्या पोटावर कशाला पाय द्या. एक वर्साचा तर सवाल हाय. पोरगी रात्री सांगायची आज कोनीच नव्हतं, सरच होते. मी बोलायची, सर हायेत ना, मग झालं." तिनं ओले हात पदराला पुसले. "मग आता कधी नेऊ?"

तोंडात ऑक्टोबर तयार होता. रस्ताभर घोकला होता.

"सोमवारी," मी म्हणालो.

"तुमचं काय होईल मग?"

"मला काही होत नाही. सरकारी पगार आहे," मी म्हणालो आणि घाईनं उठलो, कारण ती कोळंबी बांधून द्यायच्या बेतात होती. तरी दिलीच.

सोमवारी मोठ्या बाईंनी माझ्याशी न बोलता दाखल्याचं पुस्तक काढलं. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्याशी पेन थांबलं. "काय लिहू?"

"पालकांच्या विनंतीवरून."

"विनंती पालकांची नाही, सर."

"शिक्षकाच्या विनंतीवरून, असं लिहायची पद्धत नाही ना बाई."

त्यांनी पालक लिहिलं, सही केली, शिक्का जरा जोरातच मारला.

तन्वी दप्तर घेऊन दारात उभी होती. "सर, मग तुमी कोनाला शिकवनार?"

"बघू."

तिनं थोडा विचार केला. "तिसरीत बसा. ती पोरं चांगली हायेत."

पुढचं थोडक्यात सांगतो. महिनाअखेर चौथीचा पट शून्य भरला आणि मी अतिरिक्त ठरलो. दिवाळीनंतर मुलुंडच्या शाळेची ऑर्डर आली. बोरिवली आणि मुलुंड नकाशात शेजारी दिसतात. मध्ये नॅशनल पार्क आडवा आहे, एवढंच. मला पहिलीचा वर्ग मिळाला, एकेचाळीस मुलं. कदम बाईंचा एकदा फोन आला, तन्वी वर्गात फार बोलते म्हणून. मी त्यांना सांगितलं, बोलू द्या. या सगळ्यातून मी शिकलो ते इतकंच की, मे महिन्यात लोकांच्या दारात जाताना आपण काय मागतोय ते नीट बघून मागावं. एखादं माणूस खरंच देतं.

पण दाखला दिला त्या संध्याकाळी यातलं काही माहीत नव्हतं. ऑर्डर येईपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत तरी, रोज शाळेत जायचं, मस्टरवर सही करायची आणि चौथीच्या खोलीत बसायचं, एवढंच पुढे दिसत होतं. जेवताना मी बायकोला ते जरा रंगवूनच सांगितलं. रिकामी बाकं, कोरा फळा, बोलायला कोणी नाही, दिवस कसा जायचा, वगैरे. सहानुभूतीची अपेक्षा होती.

तिनं माझ्या ताटात भात वाढला.

"नऊ वर्षांच्या पोरीनं तीन महिने काढले," ती म्हणाली. "तुम्ही दिवाळीपर्यंत काढा."