पेन उचल, पेन टेकव

"पेन उचल," काकू म्हणायच्या आणि डाव्या हाताचं बोट वर करायच्या. बोट वर आहे तोवर कागदावर काही उमटता कामा नये. डोळे मिटलेले, ओठ नुसते हलतायत, मध्येच मान नाही-नाही म्हणतेय, असं बराच वेळ चालायचं. मग बोट खाली यायचं. "टेकव." आणि जे वाक्य बाहेर पडायचं ते सबंध, तयार. त्यात पुन्हा खाडाखोड नाही.

शिवाजी पार्कला संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर त्यांना पाहिलंही असेल. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा, आणि कट्ट्यावर शेजारी पॅड घेऊन बसलेली एक मुलगी. ती मुलगी मी. पुष्कळ लोकांना वाटायचं, आजी नातीला मृत्युपत्र सांगतायत. एकदा एका गृहस्थांनी फेरी थांबवून मला बाजूला घेतलं आणि वकील कोण आहे म्हणून चौकशी केली होती.

तर काकू गिरगावातल्या आमच्या कॉलेजात टीवाय बीएला होत्या. वय साठीच्या पुढचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मधल्या सुट्टीत त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. अशा विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. आम्ही त्याला रायटर म्हणतो. रायटर खालच्या वर्गातला लागतो आणि दुसऱ्या विषयाचा, म्हणजे तो उत्तरं सांगणार नाही. मी एफवाय कॉमर्सला होते. कॉलेजच्या सेवा पथकात नाव घातलं होतं ते खरं सांगायचं तर जादा मार्कांसाठी. वाटलं होतं, चौपाटीवर कचरा उचलायला नेतील, मैत्रिणी असतील, फोटो निघतील. पथकाच्या सरांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, "अक्षर बरं आहे तुझं. बोलतेसही कमी." दुसरी गोष्ट खोटी होती. पण सरांचा गैरसमज दूर करायच्या आत माझी नेमणूक झालेली होती.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "काकू म्हटलं तर चालेल?"

"चालेल. पण पेपरात काकू नाही. तिथे सीट नंबर."

काकूंचं आयुष्य स्टेनो म्हणून गेलं. लहानपणी गिरगावातल्या चाळीत भाऊ आणि त्या एकाच टेबलावर अभ्यास करायच्या. कॉलेजचं पहिलं वर्ष झालं आणि वडिलांनी सांगितलं, "मुलगे फर्स्ट क्लास काढतील. तू टायपिंग शीक." त्या टायपिंग शिकल्या, शॉर्टहँड शिकल्या, फोर्टमधल्या एका कंपनीत चिकटल्या आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिल्या. भावांनी फर्स्ट क्लास काढला की नाही, हे मी एकदा विचारलं. "एकानं काढला," त्या म्हणाल्या, आणि विषय संपवला. बीए त्यांना त्यासाठीच करायचं होतं. नुसतं पास व्हायचं नव्हतं. तेव्हा कॉलेज सुटलं नसतं तर आपल्याला तो क्लास मिळाला असता का, हे त्यांना एकदा बघायचं होतं.

ऑफिसच्या गोष्टी सांगताना मात्र त्या खुलायच्या. "साहेब लोक बोलता बोलता विचार करतात गं. अर्धं बोलणं म्हणजे नुसता विचारच. मी सगळं घेऊन ठेवायचे आणि मशीनवर बसले की त्यातलं काय ठेवायचं ते ठरवायचे." त्यांच्या हाताखाली, म्हणजे कागदोपत्री त्यांच्या डोक्यावर, बरेच साहेब येऊन गेले. त्यातला प्रत्येक जण सहा महिन्यांत उत्तम पत्रं लिहायला लागला, अशी त्या काळी कंपनीत ख्याती होती. एका साहेबाचं निरोपाचं भाषण ऐकून रिटायर होणारा शिपाई रडला. सगळ्यांनी साहेबाचा हात हातात घेतला. काकू मागच्या रांगेत बसून सामोसा खात होत्या.

त्यांच्या स्वतःच्या सेंड-ऑफची गोष्ट त्यांनी मला दोनतीनदा सांगितली असेल. साहेब आदल्या दिवशी म्हणाले, "उद्याचं तेवढं तुम्हीच बघून टाका." म्हणजे स्वतःला निरोप देणारं भाषण काकूंनी स्वतःच लिहिलं, टाइप केलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी हार घालून, मान खाली घालून ते ऐकलं.

"चांगलं लिहिलं होतंत?" मी विचारलं.

"बरं होतं. स्वतःबद्दल किती लिहिणार? दोन ओळी कमीच केल्या."

मी हसले. त्याही हसल्या. घरी जाताना बसमध्ये मात्र त्या कमी केलेल्या दोन ओळी कुठल्या असतील, याचाच मी विचार करत होते.

आमची तयारी अशी चालायची: मी त्यांचं पुस्तक मोठ्यानं वाचायचं, त्यांनी ऐकायचं, मग मी एक प्रश्न विचारायचा आणि त्यांनी उत्तर सांगायचं. मराठीतून. "आयुष्य दुसऱ्यांच्या इंग्रजीत गेलं, आता माझं मराठी बघू या." उत्तर झालं की म्हणायच्या, "वाच." सुरुवातीच्याच एका संध्याकाळी मी वाचत होते आणि त्यांनी बोट वर केलं.

"हे वाक्य माझं नाही."

"अर्थ तोच आहे काकू. जरा लांबलं होतं, मी थोडं बरं केलं."

समोर नेट्समध्ये पोरं बॅटिंग करत होती, काकू तिकडे बघत राहिल्या. मला वाटलं, रागावल्या.

"मी जन्मभर हेच केलं," शेवटी म्हणाल्या. "साहेबाचं वाक्य घ्यायचं आणि बरं करायचं. त्यामुळे एकाही साहेबाला कधी कळलं नाही की आपण वाईट लिहितो. बिचारे तसेच रिटायर झाले. माझं तसं करू नकोस. मला कळू दे."

तेव्हापासून मी जसंच्या तसं लिहायला लागले. सोपं नसतं ते, करून बघा. हात आपोआप शहाणपणा करायला जातो.

कट्ट्यावर मोठ्यानं उत्तरं सांगितली की श्रोते जमतात. पार्कात फिरणाऱ्यांना सगळ्या विषयांतलं सगळं माहीत असतं, त्यामुळे आमच्यासमोर थांबणाऱ्यांची कमी नव्हती. एकदा काकू मुंबईच्या गिरण्यांवर सांगत होत्या: अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून मुंबईत पहिली गिरणी उभी राहिली. काठी घेऊन फिरणारे एक आजोबा जागीच थांबले.

"पहिली गिरणी त्याच्या आधीची हो. युद्ध नंतरचं."

"तुमची परीक्षा आहे का?" काकूंनी विचारलं.

"नाही, पण चूक ती चूक."

"मग मला करू द्या की."

आजोबा पुटपुटत पुढे गेले. काकूंनी मला हळूच विचारलं, "काय गं, बरोबर म्हणाले का ते?" मी पुस्तक काढून वाचून दाखवलं. गिरणी आधीची होती. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, पण हे मलाही तेव्हाच कळलं. "असं होय," काकू म्हणाल्या. आजोबा पुढची फेरी मारून आले तेव्हा त्यांना बोलावून घेतलं आणि पिशवीतली लिमलेटची गोळी दिली.

काकूंचा मुलगा पार्काच्याच मागच्या गल्लीत राहायचा. गिरगावची चाळ पाडायला घेतल्यापासून त्या त्याच्याकडे होत्या. माणूस चांगला, पण सतत फोनवर. आम्ही घरी अभ्यासाला बसलो की म्हणायचा, "आई, कशाला जिवाला त्रास? आता कुणाला दाखवायचंय?" काकू म्हणायच्या, "तू मीटिंग कर." परीक्षेच्या दिवसांत मी सकाळी लालबागहून दादरला यायचे आणि त्यांना टॅक्सीत बसवून गिरगावला घेऊन जायचे. मुलगा गॅलरीतून हात करायचा, कानाला फोन असायचा.

पेपर चांगले चालले होते. आम्हाला एक वेगळी छोटी खोली दिली होती आणि नजर ठेवायला एक बाई. मला बोलायची परवानगी फक्त प्रश्न वाचण्यापुरती. इतिहासाच्या पेपरात मोठा प्रश्न आला तो नेमका मुंबईच्या गिरण्यांचा. मी प्रश्न वाचला आणि मनात म्हटलं, झालं काम. काकूंनी बोट वर केलं, बराच वेळ विचार केला, बोट खाली आणलं आणि डोळे मिटूनच सांगायला लागल्या. अमेरिका, युद्ध, कापूस, सोन्याचा भाव. सगळं सुरेख. आणि मग, "या पैशातून मुंबईत पहिली गिरणी उभी राहिली."

माझं पेन थांबलं. मी मुद्दाम नाही थांबवलं, ते थांबलं. देखरेखीच्या बाईंनी वर पाहिलं. काकूंनी डोळे उघडले आणि माझ्या हाताकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. मला स्पष्ट दिसलं, त्यांना कळलं होतं. काठीवाले आजोबा, लिमलेटची गोळी, सगळं त्या क्षणी त्यांना आठवलं होतं.

मी वाट बघत राहिले. एकदा "पेन उचल" म्हटलं असतं, वाक्य फिरवलं असतं, तर कुणाची हरकत नव्हती.

"टेकव," काकू म्हणाल्या. "सांगितलं तेच लिही."

मी लिहिलं. पुढचं सगळं उत्तर त्या चुकीच्या वाक्यावर उभं राहिलं. त्यांनी तेही शेवटपर्यंत नीट सांगितलं.

पेपर संपल्यावर माझ्या खांद्यावर डावा हात ठेवून त्या जिना उतरत होत्या.

"गिरणी आधी, ना?"

"हो."

"तू थांबलीस तेव्हाच लक्षात आलं."

"मग बदललं का नाही? मी तसं लिहिलं असतं."

"मला कुठे आठवलं होतं? तुझ्या पेनाला आठवलं."

"काकू, फर्स्ट क्लासचा प्रश्न आहे."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "पायरी बघ."

मला त्यांचा भयंकर राग आला. टॅक्सीत मी दादरपर्यंत एक शब्द बोलले नाही. त्यांनी पण समजूत काढली नाही. खिडकीतून बघत बसल्या होत्या, आणि भायखळ्याच्या पुलावर मला शेजारून घोरण्याचा आवाज आला.

निकाल लागला. काकू पास झाल्या आणि फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. त्या एका उत्तरानं गेला की दुसऱ्या कशानं, ते कुणी सांगावं? मी मात्र तेच धरून बसले. पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले आणि दारातच रडायला लागले. काकू रडल्या नाहीत, पण आनंदातही नव्हत्या, उगीच खोटं कशाला सांगू. त्यांना वाईट वाटलं होतं. बराच वेळ मोबाइलवरचा निकाल बघत बसल्या.

"इतके," मग म्हणाल्या. "चला, कळलं." आणि थोड्या वेळानं, "माझे आहेत पण." त्यानंतर पेढा उचलला.

मी त्यांचं काय घेतलं, असं कुणी विचारलं तर मी एकच सांगते. आता मी स्वतः टीवायला आहे आणि पेपर हातात आला की आधी पेन बाजूला ठेवते. शेजारची मुलं पुरवणी मागत असतात तेव्हा मी डोळे मिटून बसलेली असते. मार्क पहिल्यापेक्षा बरे पडतात, पण ते जाऊ दे. पूर्वी मी कुठलंही उत्तर सुंदर अक्षरात झाकून टाकायचे. आता आपल्याला काय येत नाही हे कबूल करायची भीती वाटत नाही. ही गोष्ट मला कुठल्या लेक्चरला मिळाली नाही. त्या कट्ट्यावर मिळाली, तीही जादा मार्कांच्या लोभानं गेले म्हणून.

काकू गेल्या त्या पदवीदान समारंभानंतर काही महिन्यांनी. दुसरा झटका आला, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. पार्कात फिरणाऱ्या मंडळींनी त्यांच्यासाठी कट्ट्याजवळच्या एका हॉलमध्ये छोटीशी शोकसभा ठेवली. काठीवाल्या आजोबांनीच पुढाकार घेतला होता. सभेच्या दिवशी सकाळी काकूंच्या मुलाचा फोन आला म्हणून मी घरी गेले.

"मला दोन शब्द बोलायला सांगितलंय," तो म्हणाला. "तूच लिही ना. तुला आईची सगळी पद्धत ठाऊक आहे. मी वाचीन."

मला लिहिता आलं असतं. चांगलं आलं असतं, लोक रडले असते आणि नंतर त्याचा हात हातात घेतला असता.

"दादा, तुम्ही सांगा," मी म्हटलं. "मी लिहिते. जसं सांगाल तसं."

तो सोफ्यावर बसला. "माझी आई म्हणजे त्यागाची मूर्ती..." त्यानं सुरुवात केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी लिहीत नव्हते. पेन वर धरलं होतं.

"काय झालं?"

"पेन उचललंय. तुम्ही आधी आठवा. आईंचं असंच होतं. सापडलं की टेकव म्हणा."

त्यानं फोन उलटा करून टीपॉयवर ठेवला. खूप वेळ गेला. मैदानावरून पोरांचा आवाज येत होता. शेवटी तो म्हणाला, "टेकव."

मी पेन टेकवलं.

"मी आईला परीक्षेला सोडायला कधी गेलो नाही. ऑफिस कॉलेजच्या जवळच होतं माझं, तरी गेलो नाही. तिनं सांगितलं नाही आणि मी नाही विचारलं." तो थांबला. "वाक्य नीट होत नाहीये. तू जरा बरं कर."

एखादा शब्द इकडचा तिकडे केला असता तर ते खरंच बरं झालं असतं.

मी त्यानं सांगितलं तसंच लिहिलं, आणि त्याला वाचून दाखवलं.