तात्यांच्या हौदाचा कोपरा

रविवारी कळवणला लग्न होतं. नाशिकहून जरा जास्तच लवकर निघाले, म्हटलं मुहूर्ताला वेळ आहे तर वाट वाकडी करून तिथल्या एका शेतकऱ्याच्या, आमच्या तात्यांच्या, मळ्यात डोकावून यावं... तब्बल बावीस वर्षांनी!

तेव्हा मी उपग्रहांच्या कामावर नवीकोरी इंजिनिअर होते. उपग्रह वर जाताना एवढे दणके बसतात की आतला कॅमेरा केसभर का होईना कलतो, आणि मग त्याने काढलेला फोटो जमिनीवर भलतीकडेच सरकून बसतो. चष्म्याचा नंबर काढतात ना, तशी ती चूक आधी काढावी लागते.

त्यासाठी फोटोत ठळक दिसणारी, जागची न हलणारी एखादी खूण लागते; तिची जमिनीवरची नेमकी जागा मोजायची आणि फोटोशी ताडून बघायची. तात्यांच्या काळ्याभोर रानातला दोन खोल्यांएवढा, चुना फासलेला पाण्याचा हौद बघितला आणि मी हरखलेच. त्याचा उत्तरेकडचा कोपरा आम्ही पक्का केला.

काय दिवस होते ते! एसटीने कळवण, पुढे जीप, आणि खांद्यावर जीपीएसचं हे भलंमोठं, तीन पायांचं तिकाटणं. मोजणी चालू असताना तासन् तास तिथून हलायचं नाही... तात्यांच्या घरून काकू ताक पाठवायच्या आणि तात्या हातात काठी घेऊन शेळ्या हाकलत बसायचे. निघताना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "तात्या, हा कोपरा हलवू नका हं, आणि पांढराच राहू द्या. वरून उपग्रह बघतोय." त्यांनीही "शब्द दिला" म्हणून मान डोलावली होती.

मी हे बोलले आणि विसरले. तात्या नाही विसरले.

रविवारी बघते तर हौद कोरडा ठणठणीत, कडेला भेग, पण चुना मात्र ताजा! तात्यांचा मुलगा सुनील वैतागून सांगायला लागला, "ताई, तीन वर्षं झाली, इथं कांदा साठवायला चाळ टाकायचीय. पण हे हात लावू देत नाय. दर दिवाळीला सोता चुना मारत्यात." यावरून बापलेकांचं बोलणंसुद्धा बंद झालं होतं.

तात्या आता ऐंशीच्या घरात. मला बघून त्यांचा चेहरा असा काही खुलला! "बरं झालं आलीस पोरी. आता तूच सांग यान्ला, कोपरा लागतो का नाय?"

तो कोपरा आम्ही दोन-तीन वर्षांतच यादीतून काढून टाकला होता. नवे कॅमेरे आले, नव्या खुणा आल्या, आणि तात्यांना कळवायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही... माझ्याही नाही.

क्षणभर वाटलं, खोटं बोलावं. पण सुनीलकडे बघून जीभ रेटेना. सगळं खरं सांगितलं आणि खाली मान घालून उभी राहिले.

तात्यांनी ताज्या चुन्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "पण कामाला आला व्हता ना?"

"आला होता तात्या. पहिला फोटो तुमच्या कोपऱ्यावरच जागेवर बसवला आम्ही."

"मंग झालं की. फकस्त तेवढं लिहून दे. शब्द दिला व्हता, असा तोंडी कसा मोडू?"

सुनीलने आपल्या मुलाची वही आणली. मी लिहिलं, 'तात्यांनी बावीस वर्षं हा कोपरा सांभाळला. आजपासून तो मोकळा.' खाली सही, तारीख. तात्यांनी कागद घडी करून अंगातल्या कोपरीच्या खिशात ठेवला आणि तीन वर्षांनी मुलाला हाक मारली, "सुन्या, कुदळ आण."

लग्न चुकलं. गाडीत बसून मी ढसाढसा रडले, अगदी खरं सांगते. तात्या, कळवायला हवं होतं मी, चुकलंच माझं... आणि थँक्यू म्हणायचं त्या दिवशीही राहूनच गेलं. सुनील, ही पोस्ट त्यांना मोठ्याने वाचून दाखव.