राक्षसाची बाजू घेणाऱ्या जाऊबाई

एकच सिनेमा पुन्हा पुन्हा पाहून दर वेळी नव्याने संतापणारी बाई साऱ्या हिंदुस्थानात एकच झाली असेल, आणि ती नेमकी भिलाईत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होती. मुलांनो, तुमची आई कळवते की तुम्ही तिकडे एक आवडता सिनेमा पाठ होईपर्यंत पाहता, आणि त्यातल्या माणसांबद्दल काहीतरी नवं सापडलं म्हणून दर वेळी जेवताना भांडता. ते वाचून मला आधी जाऊबाई आठवल्या आणि पाठोपाठ माझा जुना राग आठवला. तो अजून पुरता गेलेला नाही.

जाऊबाई दूरच्या नात्याने माझ्या थोरल्या जाऊ, गोंदियाकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांचे यजमान कारखान्याच्या बांधकामावर क्रेन चालवत, तुमचे आजोबा ड्रॉइंग ऑफिसात होते. तेव्हा कारखाना अर्धाच उभा होता, क्वार्टर्स नवे कोरे, सावलीला झाड नाही, आणि धूळ अशी की सकाळी घातलेली उशीची पांढरी खोळ दुपारी गुलाबी व्हायची. मी नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. माझ्या घरी प्रत्येक डब्याला चिठ्ठी आणि प्रत्येक कामाला वेळ. जाऊबाईंकडे साखरेच्या डब्यात बटणं सापडत आणि बटणांच्या डब्यात जिरं. त्यांच्याजवळ त्यांची धाकटी बहीण राहायची. आई गेली तेव्हा ती रांगत होती. जाऊबाईंनी तिला वाढवलं, आणि स्वतःचं लग्न झालं तेव्हा तिला कडेवर घेऊनच सासरी आल्या. आता ती लग्नाची झाली होती, आणि तिला चांगल्या माणसाच्या हाती द्यायचं, एवढी एकच काळजी जाऊबाईंना होती. बाकी कशाचीच नव्हती. दूध उतू जायचं, गहू निवडायचे राहायचे, आणि दोघी बहिणी सिनेमाला जायच्या.

सुपेल्याच्या बाजारामागच्या मैदानात तंबूचा सिनेमा येई. मालकाकडे धड चालणारं चित्र एकच होतं, जादूचं. राजपुत्र, दगडी महालात कोंडलेली राजकन्या, तिला कोंडणारा जादूगार, त्याने पितळेच्या घागरीत डांबलेला राक्षस, एक उडता पलंग आणि राजपुत्राला आसरा देणारी म्हातारी माळीण. शेवटी राजपुत्र राक्षसाकडून महालाची भिंत पाडून घेतो, जादूगार मरतो, लग्न लागतं. मी एकदा पाहिला आणि मला तो समजला. कॉलेजात असताना मी अख्खी शोकांतिका एकदा वाचून तिच्यावर परीक्षा दिली होती. उडत्या पलंगाला दुसरी संध्याकाळ देण्याचं काही कारण नव्हतं.

जाऊबाई मात्र धाकटीला घेऊन पुन्हा गेल्या, आणि परत आल्या त्या थेट माझ्या स्वयंपाकघरात. "तुहा राजपुत्र बदमाश हाये वो बाई!" जणू त्याला मीच जन्म दिला होता. "म्हातारीच्या घरी भाकरी खाल्ली, तिच्या बाजेवर निजला, अन् निंगताना मागं वळून तरी पाह्यलं का त्यानं? दार उघडंच टाकून गेला. म्हातारीच उठली, तिनं लावलं." मी म्हटलं, त्याला राजकन्येला सोडवायचं होतं, तो घाईत होता. त्याची वकिली मी का करत होते, देव जाणे. "घाईत होता तर घोड्यावर बसून केसं कायले नीट करून राहिला होता?" त्या म्हणाल्या. तोवर माझी तव्यावरची पोळी करपली.

पुढच्या खेपेला त्यांना राक्षस सापडला. राजपुत्राचा घोडा माळिणीचे झेंडूचे वाफे तुडवत जातो, आणि राक्षस तिथूनच जाताना एवढाला पाय उचलून वाफ्यापलीकडे टाकतो, हे त्यांनी पाहिलं होतं. "आग ओकणारा हाये, पण शेतकऱ्याचा पोरगा दिसते," त्या म्हणाल्या. मग एकदा नाचातली मागच्या ओळीतली दासी. तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती आणि ती लंगडत नाचत होती. "अहो, ती नटी आहे," मी समजावलं, "तिला पैसे मिळतात." "नटीचा पाय नाई दुखत का?" असं म्हणून जाऊबाई त्या दासीसाठी, आणि बहुधा माझ्या कठोरपणासाठीही, पदराने डोळे पुसू लागल्या. सर्वांत कहर म्हणजे जादूगार. तो एवढ्या मोठ्या महालात एकटा जेवतो आणि पोपटाशी बोलतो, हे दिसल्यावर त्यांचा संताप अख्ख्या राज्यावर उसळला. कोणी चार घास खायला बोलावलं असतं तर तो इतका बिघडला नसता म्हणे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या गल्लीतल्या एका खडूस, एकट्या सुपरवायझरकडे वांग्याच्या भाजीची वाटी पाठवली. त्याने भाजी खाल्ली आणि वाटी ठेवून घेतली. मी हे जाऊबाईंना मुद्दाम दाखवून दिलं. "मंग? आणखी एक डाव पाहू," त्या म्हणाल्या आणि दुसरी वाटी पाठवली.

इथवर मी सोसलं. पण मग मीच माझ्या धाकट्या भावाचं स्थळ धाकटीला सुचवलं. भाऊ नागपूरला रेल्वेत होता, निर्व्यसनी, देखणा. नव्या लाइनीच्या कामावर त्याला लवकरच आसामात जायचं होतं, तेव्हा लग्न उरकून बायकोला घेऊन जावं असा आमचा विचार होता. रविवारी तो आला. पोहे झाले, चहा झाला. धाकटीने खाली मान घालून आणि त्याने वर मान करून एकमेकांना पसंत केलं. आमच्यात असं पाहणं एकदाच होतं आणि दोन दिवसांत निरोप येतो. जाऊबाईंचा निरोप भिंतीपलीकडून लगेच आला. "पोरगा बरा वाटते. आणखी एकदा पाह्यचा हाये."

मुलांनो, माझ्या भावाला! ज्याची पत्रिका, पगार, खानदान सगळं कागदावर स्वच्छ होतं! मी तरातरा त्यांच्या दारात गेले. "जाऊबाई, तो काय तंबूतला खेळ आहे?"

"खेळातला राजपुत्र मले एका डावात नाई समजला, तं तुहा भाऊ कसा समजन? अन् पोरगी आसामात जाईन वो. तिथून तिची हाक मले आयकू येईन का?"

जाऊबाईंचे यजमान खाटेवर बसून जोडे सोडत होते. ते म्हणाले, "बाई, मनावर घेऊ नका. मले हिनं एकदाच पाह्यलं होतं, त्याचा बदला घेऊन राहिली."

पुढच्या रविवारी भाऊ पुन्हा आला. जाऊबाईंनी त्याला पोह्यांऐवजी मुद्दाम खारट आमटी वाढली आणि तो काय करतो ते पाहत बसल्या. त्याने पाणी मागितलं. यावरून काहीच ठरत नाही, असं ठरलं. माझ्या आईचं नागपूरहून पत्र आलं की मुलीकडच्यांच्या मनात नसेल तर स्पष्ट सांगावं, दुसरी स्थळं आहेत. ते मी जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. धाकटी आतल्या खोलीत भांडी आवाज न करता घासू लागली, तेव्हा तिच्या मनात काय आहे ते मला कळलं, आणि माझा राग आणखी वाढला. "आता शेवटचं," जाऊबाई म्हणाल्या. "येत्या रविवारी त्याले आपल्यासंग सिनेमाले आन."

आम्ही चौघं गेलो. जाऊबाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. पलंग उडाला तरी त्या माझ्या भावाकडे पाहत होत्या आणि मी त्यांच्याकडे, डोळे वटारून. राक्षसाने भिंत पाडली, तंबूभर शिट्ट्या झाल्या, लग्न लागलं, लोक उठून कपडे झटकू लागले. बाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाला, "ताई, त्या म्हातारीला लग्नाला बोलावलं नाही गं त्यांनी. सगळी रांग पाहिली मी. ती नव्हती."

पुढे चाललेल्या जाऊबाई जागीच थांबल्या. मग वळून माझ्यावर आल्या. "तू शिकवलं का याले?"

"मी?" माझा आवाज साऱ्या सुपेल्याला ऐकू गेला असेल. "मला ती म्हातारी लग्नात होती की नव्हती हेसुद्धा आठवत नाही!"

"हव," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "तुले नाईच आठवणार. पोरगी देल्ली."

पगार नाही, पत्रिका नाही, खानदान नाही. पडद्यावरच्या एका माळिणीची विचारपूस केली म्हणून माझ्या भावाचं लग्न ठरलं. ती धाकटी म्हणजे तुमची मामीआजी, आणि मामाआजोबांनी तिला आयुष्यभर किती जपलं ते तुम्ही पाहिलंच आहे. तरी माझं म्हणणं असं की कागदपत्रं पाहूनही हाच निकाल लागला असता, आणि तोही एका रविवारात.

लग्न झालं, ती दोघं आसामला गेली. जाऊबाईंच्या घरात आवाज कमी झाला. पावसाळ्यानंतर तंबू परत आला, चित्र तेच. जाऊबाई घरात गहू निवडत बसल्या. तेव्हा मीच स्वयंपाक लवकर आटोपला आणि त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, चला. त्या आल्या. तंबूत पुढे जमिनीवर बसायचं असे. त्यांनी आणलेली सतरंजी अंथरली, एका कडेला मी, मध्ये त्या, आणि पलीकडे धाकटीएवढी जागा राहिली. खेळ सुरू व्हायच्या आत एक जाडशी बाई कडेवर मूल घेऊन आली आणि तिथे बसू लागली. जाऊबाईंनी त्या जागेवर हात ठेवला. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. जागा अडवून ठेवणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे, हे तुम्हाला माहीत आहे.

"कोणी आहे इथे?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "येतेच आहे ती."