येत नसेल तर विचार

प्रश्न विचारून झाला की वनमालाबाई वर्गाकडे पाठ करीत. खिडकीशी जाऊन चष्मा काढत आणि पदराने सावकाश पुसत बसत. बाईंच्या चेहऱ्यावरून उत्तर ताडायची मुलांची सवय त्यांना मोडायची होती. मागे आधी शांतता, मग कुजबुज. ती वाढली की त्या वळत. वर्गात नियम एकच होता: येत नसेल तर गप्प बसायचं नाही, विचारायचं.

"पोरं तुमच्याकडे शिकायला येतात की उलटतपासणीला?" शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हसून म्हणे.

साकीनाक्याच्या त्या खाजगी शाळेत बाई कित्येक वर्षं तात्पुरत्या होत्या. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. पंच्याऐंशी सालची शिक्षण खात्याची तपासणी नीट पार पडली की कायम करतो, असं मुख्याध्यापक नंदकुमार सरांनी कबूल केलं होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी सर बाईंच्या सातवीच्या वर्गात आले. "साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांचे हात वर. येतं त्याचा उजवा, येत नाही त्याचा डावा. मी उजव्यालाच उठवीन."

"सर, हे बरं नाही," बाई दाराशी हळूच म्हणाल्या.

"बाई, एक दिवस. तुमच्याच कायमच्या ऑर्डरसाठी चाललंय ना?"

बाई दारातून बाजूला झाल्या.

तपासणीला शाळा चालवणाऱ्या संस्थेचे जयवंतशेट साहेबांशेजारी बसले होते. शाळेमागे त्यांचा कापड रंगवायचा कारखाना होता. "पाणी शुद्ध कसं करतात?" साहेबांनी विचारलं. सगळे हात वर गेले. सर उजवा हात शोधेपर्यंत साहेबांनी स्वतःच बोट दाखवलं. "ती, शेवटच्या बाकावरची."

ती उत्तरा होती, आणि तिचा हात डावा होता. ती उठली. उत्तर येत नव्हतं, म्हणून तिने विचारलं, "साहेब, मागच्या नाल्याचं पाणी कधी लाल असतं, कधी निळं. ते कसं शुद्ध करायचं?"

साहेब हसले. "शाब्बास! आणि रंग येतो कुठून?"

'खाली बस' एवढं बाईंना म्हणता आलं असतं. पण प्रश्न विचारून झाला होता. त्यांचे पाय खिडकीकडे वळले, हात चष्म्याकडे गेला.

"यांच्याकडून," जयवंतशेटांकडे बोट करून उत्तरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उत्तराच्या वडिलांना, दत्तारामांना, कारखान्यातून काढलं. जूनमध्ये बाईंना तात्पुरतीही ऑर्डर मिळाली नाही. त्याआधी एकदा त्या दत्तारामांच्या खोलीवर गेल्या होत्या. ते उठले नाहीत. "बाईनू, चेडवाक प्रश्न इचारूक शिकवलात. आता खावचा काय, ता पण सांगा."

बाई उंबऱ्यावरूनच परतल्या.

पुढे त्यांनी शिकवण्या केल्या. पालकांना पाठ केलेली उत्तरं हवी असत. बाई ती लिहून देऊ लागल्या. दोन वर्षांनी कावीळ झाली, ती पोटात उतरली. बाई गेल्या, त्याच्या आदल्या संध्याकाळी उत्तरा पेज घेऊन आली होती. आता ती शिलाईच्या कारखान्यांत धागे कापायला जाई. तिची शाळा कायमची सुटली होती.

"काही विचारायचंय?" बाईंनी विचारलं.

उत्तराने मान हलवली. नाही.

बाईंनी उशाजवळचा चष्मा घेतला, पदराने पुसला आणि तोंड खिडकीकडे केलं. बराच वेळ त्या तशाच राहिल्या. बाहेर काळोख पडू लागला. मागे भांडं उचलल्याचा आवाज तेवढा झाला.

"बरं," बाई म्हणाल्या. "जाताना दार नुसतं लोटून घे."