लढाईतल्या बायकांची नोंद

नातवंडांनो, पाडव्याच्या मिरवणुकीत तलवारी फिरवणाऱ्या मुलींचा व्हिडिओ तुम्ही पाठवलात आणि विचारलंत, "आजी, तुझ्या अभ्यासाच्या वेळी असं होतं का?" फोनवर मी "नव्हतं" म्हणाले. ते पुरतं खरं नाही, म्हणून लिहिते.

गिरण्यांच्या संपानंतरची वर्षं होती. मी मानववंशशास्त्रात पीएच.डी. करत होते. घाटकोपरचं एक मंडळ दरवर्षी मैदानावर लाकडी बुरुज उभारून मावळ्यांची लढाई करून दाखवायचं. जुन्या युद्धाची आठवण लोक कशी जपतात आणि तीत बायकांना कुठे उभं करतात, हा माझा विषय. बघायचं, वहीत लिहायचं, मध्ये पडायचं नाही, असं मला शिकवलेलं होतं.

तिथे दांडपट्टा नीट येत होता तो एकाच बाईला. गिरणीतलं काम सुटलेल्या एका कोकणी कामगाराची मुलगी, तिशीच्या आतली. वडिलांकडून शिकलेली. महिनाभर संध्याकाळी ती मंडळातल्या पुरुषांना शिकवत होती.

"मनगट नको रे, खांदा फिरव. माश्या मारतोस काय?"

शेवटच्या आठवड्यात तिने लढाईत जागा मागितली.

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "तू बुरुजावर आरती घेऊन उभी राहा ना गं. फोटोत झकास दिसशील."

"फोटोला मी स्टुडिओत जाईन. मला खाली लढायचंय."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. त्या लढाईत बायका होत्या का?"

तीही माझ्याकडे बघत होती.

"मी पाहिलेल्या कागदपत्रांत तसा उल्लेख नाही," मी म्हणाले.

"मिटलं मग."

मावळ्यांच्या पायांतल्या कॅनव्हासच्या बुटांचाही कागदपत्रांत उल्लेख नव्हता. हे मला तिथेच सुचलं होतं. पण मी वहीत लिहीत राहिले.

निघताना ती म्हणाली, "बाई, ह्यांना शिकवलं कोणी, ते तरी लिहा हां."

मी मान हलवली, आणि वहीत लिहिलंही. लढाईच्या दिवशी ती बुरुजावर आरती घेऊन उभी होती. खाली पट्टे चांगले फिरले.

प्रबंधात मात्र मी प्रत्यक्ष प्रयोगाच्याच नोंदी घेतल्या. तालमी विषयाबाहेरच्या, असं मार्गदर्शकांचं मत होतं आणि मी वाद घातला नाही. तालमींच्या वह्या मुलुंडला घर बदललं तेव्हा रद्दीत गेल्या.

प्रबंधाची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्या वर्षीच्या लढाईतला स्त्रियांचा सहभाग तीत एका शब्दात लिहिलेला आहे: आरती.