ताईच्या स्थळाचे तीन कप्पे

आमच्या ताईचं चांगलं जमत आलेलं स्थळ माझ्यामुळे मोडायचंच बाकी होतं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी पेणहून रोज रोह्याला कॉम्प्युटर क्लासला जायचे आणि नुकतीच फ्रेम्स शिकले होते: एकाच पडद्याचे कप्पे, प्रत्येकात वेगळं पान. मुलगा अमेरिकेत, म्हणून ताईचा बायोडेटा मी इंटरनेटवर चढवला. वरच्या कप्प्यात 'श्री गणेशाय नमः', डावीकडच्या अरुंद पट्टीत यादी. यादीतल्या शब्दावर क्लिक केलं की उजवीकडे माहिती. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

मुलाची आई रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीत राहायची. घरच्यांना दाखवायला कागद हवा, म्हणून त्या एका सकाळी थेट क्लासमध्येच आल्या.

प्रिंटरमधून पहिला कागद निघाला. त्यावर फक्त 'श्री गणेशाय नमः'.

"सुरुवात चांगली हाय," त्या म्हणाल्या. "मुलगी कुठाय?"

शेवटचं क्लिक ज्या कप्प्यात, तेवढाच कप्पा छापला जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कागदावर नुसती यादी आली: शिक्षण, उंची, स्वभाव, फोटो.

"हे आमी भरायचं काय?"

सगळा क्लास माझ्या पाठीमागे गोळा झाला होता. मी घाईने 'फोटो'वर क्लिक केलं. फोटो कुठल्या कप्प्यात उघडायचा, नेमकं तेवढंच लिहायला मी विसरले होते. ताई डाव्या पट्टीतच उघडली. पट्टीत मावली तेवढीच: एक कान आणि थोडी वेणी. तेच छापलं गेलं.

त्यांनी तिन्ही कागद टेबलावर जुळवून पाहिले. "कान बरा हाय. पण गो, कानावरून घरी काय सांगू? स्वभावापुढं काय लिवलंयस?"

मी इंग्रजी शाळेतली. अनोळखी माणसाने काही विचारलं तर 'यस' म्हणून सुटका करून घ्यायचे. इथे ते चालणार नव्हतं.

"शांत," मी म्हणाले. मग राहवलं नाही. "ते आईने लिहायला लावलं. ताई रागीट आहे. पण राग पाच मिनिटांत जातो."

"आमच्याकडं आठवडाभर टिकतो," म्हणत त्यांनी कागदांची घडी केली. "रविवारी आमीच येतो पेणला. अख्खी बघू."

संध्याकाळी ताईला सगळं सांगितलं. रविवारचं ऐकून ती लाजली. मग माझ्याकडे वळली.

"रागीट म्हणालीस मला?"

मी न्हाणीघरात शिरून आतून कडी लावली.